पंधरा नंबर

८ जानेवारी २०२३, रविवार

नवी वही. जुनीत अजून एकवीस पानं कोरी होती, पण नवा निश्चय जुन्या वहीत लिहिणं बरं वाटेना. जुनी वाया घालवणार नाही. किराण्याच्या यादीला वापरेन.

निश्चय : ऑफिसला सायकलनं जायचं. बूढापारा ते नवा रायपूर, चोवीस किलोमीटर. परत चोवीस. श्यामकांत काकांच्या गाडीतून जाणं बंद.

काकांबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही, हे आधी नोंदवते. शेजारी आहेत. ऑक्टोबरपासून रोज ऑफिसच्या दारात सोडतात. फक्त बोलतात. तेलीबांध्यापर्यंत त्यांची पचनसंस्था, पुढे भिलाईचा पुतण्या. पुतण्याची नोकरी चांगली, केस कमी. मी "हो का" म्हणते. शुक्रवारी मोजलं, एका फेरीत त्रेसष्ट वेळा. काच उघडू देत नाहीत. धूळ येते म्हणतात.

बाबांना सांगितलं. बाबा रेल्वेत फाटकावर होते. रिटायर झाले तरी कुठल्याही गोष्टीला आधी लाल झेंडी. म्हणाले, "चोवीस किलोमीटर? अन् मधात सायकल बिघडली तं? त्या रोडवर कुत्रं नसते विचाराले." मी म्हटलं, दुरुस्त करीन. बाबा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

कमलाआत्या म्हणाली, जाऊ दे ना दादा, पोट्टी हुशार आहे. आत्याचं मत मोलाचं आहे. चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. बाबांचं फाटक जिथं होतं तिथं शाळा नव्हती. आत्यानंच घरी शिकवलं : मराठी, गणित आणि लाल शाईनं दुसऱ्यांच्या चुका काढणं.

शेवटी करार झाला. बाबांचे शब्द जसेच्या तसे : "एक दिवस जाऊन ये. तू मले एक जरी फोन केला, का वापस काकाच्या गाडीत. अन् मग त्या पुतण्याचा फोटो पाहाले काय जाते?"

तारीख ६ फेब्रुवारी, सोमवार. अठ्ठावीस दिवस पूर्ण हातात. भरपूर आहेत.

९ जानेवारी, सोमवार

(काकांच्या गाडीत लिहिते आहे. अक्षर खराब. काका आम्लपित्तावर आहेत.)

हत्यारांबद्दल नियम केले :

एकूण वजन एक किलोच्या आत. एकूण खर्च हजाराच्या आत. काय वाट्टेल ते झालं तरी.

किलोच का? गोल आकडा आहे. शिवाय जास्त वजन घेऊन चालवणारे लोक दमतात आणि दमलेली माणसं घरी फोन करतात.

संध्याकाळी नियम टाइप करून लॅमिनेट केले. मागच्या बाजूला बाबांचा नंबर मोठ्या आकड्यांत, म्हणजे मला काही झालं तर कुणालाही दिसेल. हे कार्ड हँडलला बांधायचं. वजन नऊ ग्रॅम.

१२ जानेवारी, गुरुवार

पंक्चर काढण्याचे चौदा व्हिडिओ बघितले. आता मला बऱ्यापैकी येतं असं म्हणायला हरकत नाही. चाक काढणं तर हास्यास्पद सोपं आहे. चाकाच्या मध्यावर एक दांडी असते, ती उलटी फिरवली की चाक हातात. माझ्या पुढच्या चाकाला अशीच दांडी आहे. अंगणात काढून बघितलं. अकरा सेकंद. परत बसवायला पस्तीस मिनिटं, पण त्यात आत्याचा चहा धरलेला आहे.

मागच्या चाकाला दांडी नाही, नट आहे. अभ्यास म्हणून नोंद केली.

१४ जानेवारी, शनिवार

खरेदी झाली. मल्टिटूल म्हणून एक प्रकार मिळाला, चाकूसारखा घडीचा. सोळा कामं करतो. त्यातलं एक बाटलीचं बूच काढण्याचं आहे, ते मला लागणार नाही, पण पंधरा उरतात. टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या तीन. छोटा पंप, मनगटाएवढा, एकशे दोन ग्रॅम. नवीन ट्यूब एक. चकत्या आणि सोल्यूशन. सगळं आत्याच्या डायबेटिसच्या, म्हणजे जेवण मोजायच्या, काट्यावर मोजलं. सोल्यूशनची ट्यूब जास्त वजनदार वाटली म्हणून अर्धी पिळून टाकली.

सगळी पिशवी घेऊन बूढातलावाजवळ दयाराम भैयाच्या दुकानात गेले. मत घेण्यासाठी नाही. माहिती देण्यासाठी.

दयाराम भैयानं एकेक वस्तू उचलून पाहिली. मल्टिटूल उघडलं, मिटवलं, पुन्हा उघडलं. म्हणाला, "बढ़िया है दीदी. नेलकटर भी है क्या?" मग विचारलं, "और चाबी कहाँ है?"

मी लगेच दाखवली. कुलुपाच्या दोन्ही. एक पर्समध्ये असते, एक गळ्यात दोऱ्याला. मी हलगर्जी मुलगी नाही.

त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाला, "ठीक है दीदी. भगवान मालिक है."

दुकानदार लोकांना ग्राहक स्वावलंबी झालेला आवडत नाही.

१५ जानेवारी, रविवार

बडनेऱ्याहून देवीदास मामा आले. दोन तास थांबले, संध्याकाळच्या गाडीनं दुर्गला लग्नाला गेले. मामांनी चाळीस वर्षं सायकल चालवली आहे. पायात अजून रग आहे, दात मात्र नाहीत.

मी निश्चय सांगितला. मामा खूश. "काहून भेते वं? मी बडनेऱ्याहून अमरावतीले रोज जात होतो सायकलनं. डब्यात भाकर अन् सीटखाली हत्यारं." मग पिशवीतून एक जुनं मराठी पुस्तक काढून दिलं. सायकल दुरुस्तीचं. कव्हर गेलंय, त्यामुळे कुणी लिहिलं कळत नाही. एकशे चौसष्ट ग्रॅम.

जाताना माझ्या वहीतलाच कागद मागून एक चिठ्ठी लिहिली, पुस्तकात घातली. फाटकात पुन्हा मागे वळून ओरडले, "पंधरा नंबर पयले घेजो! बाकी सारं मंग. इसरू नको!" मग जयभीम केला आणि ऑटोत बसले.

रात्रीच्या जेवणाआधी चिठ्ठी वाचली :

१) १५ नं. चा पाना — सर्वात आधी
२) ट्यूब
३) टायर काढायच्या पट्ट्या
४) पंप
५) चिंधी

डोळ्यांत पाणी आलं. पण एका ओळीत तीन चुका. हात आपोआप लाल पेनाकडे गेला. "पाना" नव्हे, "पान". आणि पान नपुंसकलिंगी, त्यामुळे "चा" नव्हे, "चे". शिवाय "सर्वात" नव्हे, "सर्वांत". मामांचं मन मोठं आहे. व्याकरण कच्चं. आत्याला दाखवली नाही. मामांची अब्रू ती माझी अब्रू.

पुस्तकाचं पंधरा नंबरचं पान उघडलं. वर ठळक अक्षरांत : "मागील चाक काढणे." अंगावर काटा आला. मामांनी विषय न सांगता पानाचा नंबर सांगितला. जुनी माणसं अशीच शिकवतात.

१७ जानेवारी, मंगळवार

अडचण. पुस्तक अख्खं नेलं तर पिशवी एक किलोच्या वर जाते. पान फाडणं शक्य नाही, पुस्तक फाडणाऱ्या माणसाचं आत्या तोंड पाहत नाही. उपाय : झेरॉक्स.

झेरॉक्सवाल्यानं विचारलं, दोनों साइड? म्हटलं, नाही, फक्त पंधरा. मामांनी सोळा सांगितलेलं नाही. शिवाय शाईलाही वजन असतं.

झेरॉक्स चार घड्या घालून, प्लास्टिकमध्ये. पाच ग्रॅम. पिशवीत सर्वांत वर. (सर्वांत.)

चिंधीऐवजी तीन ओले टिश्यू. चिंधी म्हणजे जुना काळ.

एकूण : नऊशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम. शांत झोप लागेल.

१८ जानेवारी, बुधवार

लागली नाही. बारा ग्रॅमची जागा उरली आहे. तीत काहीतरी महत्त्वाचं राहून गेलं असावं असं वाटत राहिलं. सकाळी तीत एक सेफ्टी पिन आणि खडीसाखरेचे दोन खडे घातले. आता वजन नऊशे एक्क्याण्णव. खडे काढले. परत नऊशे अठ्ठ्याऐंशी, कारण पिनेला काटा ओळखत नाही.

काका आज पुतण्याच्या पत्रिकेवर होते. म्हटलं, आमच्यात पत्रिका बघत नाहीत. काका म्हणाले, तेच तर, किती सोयीचं. हो का.

२२ जानेवारी, रविवार

सराव. जुन्या ट्यूबला मुद्दाम भोक पाडून चकती लावली. चकती छान बसली. ट्यूब, चकती आणि आत्याचा पोळपाट असे तिन्ही एकमेकांना चिकटले. म्हणजे चिकटवण्याचं तंत्र जमलं आहे. आत्यानं आज भात केला.

मागचं चाक काढून बघायचं होतं. पण चांगलं चालणारं चाक विनाकारण काढणं बरोबर नाही. शिवाय पान पंधरा तीनदा वाचलं आहे. म्हणजे वरचा अर्धा भाग. खालची अक्षरं झेरॉक्समध्ये फिकट आली आहेत, प्रत्यक्ष वेळ आली की उजेडात वाचेन.

३० जानेवारी, सोमवार

हवेची सवय लावून घेतली आहे. सकाळ, संध्याकाळ आणि झोपण्याआधी, दोन्ही चाकांत. छोट्या पंपानं एका चाकाला तीनशे चाळीस दाब लागतात. दंड मजबूत होत आहेत. दयाराम भैया रस्त्यानं जाताना थांबला, म्हणाला, "दीदी, वॉल को इतना मत हिलाओ, जड़ से उखड़ जाएगा." वॉल म्हणजे हवा भरायची नळी. मी म्हटलं, हवा कमी असण्यापेक्षा बरं. तो "हव" म्हणून निघून गेला. इथले लोक पटलं नाही तरी हव म्हणतात. मी पटलं असं धरलं.

५ फेब्रुवारी, रविवार

उद्या.

पिशवी सात वेळा उघडून बघितली. सगळं सात वेळा होतं.

बाबा म्हणाले, "भेव लागून राहिलं असन तं आताच सांग. काकाले मी सांगतो." मी म्हटलं, भीती वेगळी आणि पूर्वतयारी वेगळी. बाबा म्हणाले, तुझ्या आईलेही असंच होत होतं, स्टेशनावर तीन तास आधी. आत्यानं दिवा मालवला.

६ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे ५:१०. हवा भरली. मागच्यात चारशे दाब, खास दिवस म्हणून. वॉल किंचित हलतोय. जिवंत वाटतं.

६:३०. निघते. काकांना काल कळवलं आहे. काकांनी "ऑल द बेस्ट" आणि पुतण्याचा फोटो पाठवला. फोटो उघडलेला नाही. करार आहे.

८:०५. रस्त्याच्या कडेला. मी शांत आहे. शांत आहे हे सिद्ध व्हावं म्हणूनच लिहिते आहे. (वही एकशे ऐंशी ग्रॅम. हत्यारांत मोडत नाही.)

तेलीबांधा ओलांडलं, तिथपर्यंत उत्तम. नवा रायपूरचा मोठा रस्ता लागला, सहा गाड्या शेजारी शेजारी जातील एवढा, आणि त्यावर मी एकटी. सतरावा किलोमीटर. मागून फूस्स. चाक बसलं.

घाबरले नाही. उलट म्हटलं, बरं झालं, आता वापरता येईल.

८:३०. भोक सापडलं. भोक नाही. वॉल मुळापासून उखडला आहे. अशा जागी चकती बसत नाही, व्हिडिओ क्रमांक नऊमध्ये सांगितलं होतं. ट्यूबच बदलावी लागते. ट्यूब आहे! त्यासाठी चाक पूर्ण काढायला हवं. मागचं. नट.

मल्टिटूलची सोळाही कामं त्या नटावर करून पाहिली. बाटलीच्या बुचाचंसुद्धा. नटाला त्याचं काही नाही.

पान पंधरा काढलं. उन्हात खालची अक्षरं स्पष्ट दिसतात. शेवटची ओळ : "मागील चाक नटाने आवळलेले असल्यास ते काढण्यास लागणारी हत्यारे पुढीलप्रमाणे :"

पान संपलं.

फोन हातात आहे. बाबांचा नंबर समोरच आहे, मीच मोठ्या आकड्यांत लिहिलेला. करीत नाही. फक्त धरला आहे.

दुपारी १:३०, ऑफिस. डबा.

क्रमानं लिहिते. क्रमानं लिहिलं की कमी लाजिरवाणं वाटतं.

पावणेनऊच्या सुमारास मागून एक बाई सायकलवर आल्या. पन्नाशीच्या, साडीचा काचा मारलेला, हँडलला डबा. पुरुषी दांडीची काळी सायकल. पुढे गेल्या, थांबल्या, वळून आल्या. "का होगे नोनी?" छत्तीसगढीत : काय झालं पोरी?

मी सगळं हिंदीत सांगितलं. व्हिडिओंसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि चाकाकडे बघून एकच विचारलं, "पाना धरे हस? पंद्रा नंबर?"

मला काय आनंद झाला! या अनोळखी रस्त्यावर, या अनोळखी बाईंना, माझ्या मामांचं पंधरा नंबर माहीत! मी म्हटलं, "है ना! सबसे पहले वही रखा है." आणि प्लास्टिकमधून काढून दोन्ही हातांनी त्यांना दिलं.

त्यांनी घडी उघडली. उलटं करून पाहिलं. मागे कोरं. सुलटं केलं. मग अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "नोनी, ये तो कागज ए. कागज ले चक्का खुलही?"

आणि आपल्या सीटखाली हात घातला. एक चिंधी. चिंधीत एक लोखंडी वस्तू, एका टोकाला तोंड उघडं, दुसऱ्या टोकाला गोल, झिजून चकचकीत. मधे कोरलेलं : १५.

मी त्या वस्तूकडे बघत राहिले. व्हिडिओवाले हिला स्पॅनर म्हणतात. दयाराम भैया हिला चाबी म्हणतो, हे मला त्याच क्षणी कळलं, आणि गळ्यातल्या दोऱ्याला एकदम ऊब आली. आणि मामा हिला काय म्हणतात तेही कळलं. तीन चुका मी काढल्या होत्या. लाल शाईनं.

नट त्यांच्या हातात चौथ्या झटक्याला सुटला. नवी ट्यूब मी घातली, हे नोंदवायला हवं. पट्ट्या उपयोगी पडल्या. तीनपैकी दोन. हवा माझ्या पंपानं, कारण त्यांचा पंप माझ्या वॉलला बसेना. मी दाब मोजत होते, त्या वॉल हलू नये म्हणून बोटांनी धरून बसल्या होत्या. नाव विचारलं. मीराबाई. सेक्टरातल्या बागेत कामाला आहेत, रोज याच रस्त्यानं.

एकशे नव्वदाव्या दाबाला त्यांनी मोकळ्या हातानं कमरेचा फोन काढला आणि हँडलवरच्या माझ्या कार्डाकडे बघत आकडे दाबले. मला वाटलं, बागेत उशीर होतोय म्हणून कळवत असतील. "हलो? तोर नोनी इहाँ हे. हव, बने हे. चक्का खुले रहिस. चिंता झन कर." आणि बंद.

मी पंप सोडला. बाबा. बाबांना फोन गेला.

मीराबाई म्हणाल्या, नंबर मोटे मोटे लिखे हस, त मैं समझेंव लगाना हे.

तेवढ्यात श्यामकांत काका. गाडी थांबली, काच दोन बोटं खाली. "अगं दीक्षा! हे काय? हात बघ तुझे! बस आत, सायकल राहू दे, संध्याकाळी माणूस पाठवून उचलू. ए बाई, जरा बघशील का सायकलीकडे?"

मीराबाई चाक धरून उभ्या होत्या. फक्त माझ्याकडे बघितलं. एसीची थंड हवा दोन बोटांच्या फटीतून माझ्या तोंडावर येत होती. खरं लिहिते : एक पाय उचलला होता.

म्हटलं, "काका, तुम्ही व्हा पुढे. थोडीच हवा राहिली आहे."

काका म्हणाले, हो का.

काकांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

निघताना पाना परत द्यायला लागले तर मीराबाईंनी घेतला नाही. परतीला लागला तर? काली लहुटा देबे. म्हणजे उद्या परत द्यायचा, याच रस्त्यावर, याच वेळी. चिंधीसकट दिला. झेरॉक्सही परत केली, घडी घालून.

ऑफिसला पंचवीस मिनिटं उशीर. साहेबांनी हातांकडे बघितलं. तीन टिश्यू पुरले नाहीत. चिंधी पुरली.

संध्याकाळी ७:३०, घर.

परतीला काहीही झालं नाही. चोवीस किलोमीटर. मध्ये वारा पाठीशी होता. एका ठिकाणी मी जोरात "हो का!" असं ओरडले, रस्ता मोकळा होता म्हणून. फार बरं वाटलं. एवढंच लिहिते.

बाबा ओसरीत उभे होते. केव्हापासून, आत्यानं सांगितलं नाही. मी सायकल लावायच्या आधीच सांगून टाकलं की फोनबद्दल माझी काही तक्रार नाही, फोन घरी आला म्हणजे आला, हरले म्हणजे हरले. बाबा म्हणाले, "तू केला काय?" म्हटलं, नाही. "मी काय म्हटलं होतं?" मी वही काढून वाचून दाखवलं : "तू मले एक जरी फोन केला." बाबा म्हणाले, "मग? बाईनं केला. तू नाही केला." थोडं थांबून, "बरं झालं केला. मी नऊ वाजतापासून चप्पल घालून बसलो होतो."

पास. रोज जायला परवानगी. पुतण्याचा फोटो आत्यानं माझ्या फोनवरून न बघता पुसला, म्हणजे थोडासा बघून पुसला. म्हणाली, केस आहेत, काका उगाच बोलतात.

मामांचं पुस्तक उघडलं. पान सोळा. पहिली ओळ : "पाना (१५ नंबर)."

चिठ्ठीवरची लाल शाई पुसली जात नाही. आत्याचा नियम आहे, बरोबर असलेलं चूक ठरवलं तर बरोबर ते लिहून काढायचं. लिहिते :

पाना. पुल्लिंग. अनेकवचन पाने.
पान. नपुंसकलिंग. अनेकवचन पाने.

म्हणजे मामांनी "दोन पाने" लिहिलं असतं तर माझी चूक चूक ठरली नसती. हा मुद्दा मामांना फोनवर सांगितला. मामा खूप वेळ हसले, मग म्हणाले, "तू शिकेल, मी अडाणी, पण चाक कोणाच्या पान्यानं खुललं वं?" मीराबाईंच्या, म्हटलं. "सर्वांत" ही दुरुस्ती मात्र मी कायम ठेवली आहे.

दयाराम भैयाकडून स्वतःचा पाना आणला. त्यानं न विचारताच काढून ठेवला होता. "चाबी, दीदी," म्हणाला, आणि गळ्यातल्या दोऱ्याकडे बघितलं नाही. भला माणूस आहे.

काट्यावर ठेवला. एकशे बारा ग्रॅम.

नऊशे अठ्ठ्याऐंशी अधिक एकशे बारा : अकराशे.

अकराशे ग्रॅम.

७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी ८:३५. काकांच्या गाडीत. फक्त आजच्या दिवस.

कारणं स्पष्ट आहेत. नियम लॅमिनेट केलेला आहे. एक किलोच्या आत. पाना घेतला तर शंभर ग्रॅम जादा, न घेता जाणं म्हणजे कालपासून काहीच न शिकणं. पट्ट्या तीनच्या दोन केल्या, तरी ब्याऐंशी जादा. पंपाशिवाय भागत नाही. मल्टिटूलमधलं बुचाचं पातं कापून घेता येईल, त्यासाठी करवत लागेल. शनिवार-रविवारात सगळी यादी नव्यानं करीन. सोमवारपासून नक्की. किंवा पंधरा तारखेपासून, पंधरा नंबर म्हणून.

मीराबाईंचा पाना मात्र आजच परत करायचा, शब्द आहे. चिंधी रात्री धुऊन वाळवली. पर्समध्ये आहे.

काका कालच्या प्रसंगाबद्दल काही बोलले नाहीत. यकृतावर आहेत.

९:४०. ऑफिस.

कालच्या जागेच्या थोडं पुढे मीराबाई दिसल्या. काकांना म्हटलं, थांबवा. काका म्हणाले, धूळ. मी म्हटलं, थांबवा. थांबवली.

उतरले, पाना दिला. त्यांनी चिंधीचा वास घेतला, साबणाचा, आणि हसल्या. सीटखाली खोचून ठेवला. मग माझ्या मागे बघितलं, पुढे बघितलं. "साइकिल कहाँ हे?"

मी समजावून सांगितलं. किलोचा नियम, नऊशे अठ्ठ्याऐंशी, एकशे बारा, पट्ट्यांचे अठरा वजा. बोटांवर मोजून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा हव म्हणाल्या. मग हनुवटीनं काकांच्या गाडीकडे दाखवलं.

"अउ येकर कतका वजन हे?"

घंटी वाजवली आणि गेल्या. त्यांना कामावर पोहोचायचं होतं.

संध्याकाळी ६:५०, घर.

नेटवर बघितलं. आठशे पंचावन्न किलो.

काका न धरता.